इंगळे सिस्टरचे झिंगे

इंगळे सिस्टरच्या खोलीत पाऊल टाकलं की त्या 'ये, बस' म्हणायच्या नाहीत. 'हात,' म्हणायच्या. आपण दोन्ही हात पुढे करायचे, शाळेत नखं तपासताना करतात तसे. त्या चष्मा कपाळावर सरकवून तळव्यांचा वास घ्यायच्या. मग प्रश्न : "वावरातून आला काय?" हो म्हटलं की मोरीकडे बोट. आधी साबणानं कोपरापर्यंत धुवायचं, मग साबणाचा अंश जाईपर्यंत नुसत्या पाण्यानं. एवढं करूनही काचेच्या टाकीपासून हातभर लांबच बसायचं. मी साहेबांच्या दालनात चपला घालून घुसणारा कार्यकर्ता. पण त्या मोरीवर मी दर वेळी मुकाट्यानं हात धुतले.

टाकी होती दीड-दोन फुटांची, जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर ठेवलेली. आत मासा नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंनी नुसतं शेवाळच पाळलंय. मग डोळे सरावले की त्या हिरव्या गुंत्यात लाल ठिपके हलताना दिसायचे. नखाएवढे झिंगे. बाजारात वाळवून ढिगानं विकतात त्यांचीच ही शहरी, नटवी भावंडं. पायांनी सतत काहीतरी वेचत असायची, कापूस वेचणाऱ्या बायांसारखी, पण कोणी मुकादम मागे नसलेली. मादीच्या पोटाखाली मोहरीसारखी अंडी. ती अंडी ती पायांनी वारा घालत सांभाळायची. मग एक दिवस तिळाएवढी पिल्लं बदामाच्या वाळक्या पानावर दिसायची आणि सिस्टर त्या दिवशी चहात साखर जास्त घालायच्या.

सिस्टर अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. मूळच्या अकोल्याच्या, जुन्या शहरातल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही ते विचारण्याची आमच्या शेतमजुरांच्या संघटनेत कोणाची छाती नव्हती. अमरावतीत खोली शोधताना लोक भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारतात. इंगळे म्हटलं की विचारतात, "कोणते इंगळे?" सिस्टरचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुमाले नको असलेले." असं तीन-चार दारांवर सांगून झाल्यावर त्या नसीम खालांच्या माडीवर आल्या. खालांनी एवढंच विचारलं, "पानी खींच के ऊपर ले जाना पड़ता, ले जाओगे?" आणि मग त्या तिथून हलल्याच नाहीत.

खालांचा एक विनोद होता. दर ईदेला त्या शिरखुर्मा घेऊन वर यायच्या, टाकीपुढे वाकायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, कब बड़े होंगे ये? मसाला सूख रहा मेरा."

सिस्टर म्हणायच्या, "खाला, सारे तळले तरी गावजेवणात एक-एकच झिंगा येईल वाट्याले."

"तो गाँव को नको बुलाओ. हम दोनों खा लेंगे."

दोघी हसायच्या नाहीत. विनोद झाला, आटोपला, शिरखुर्मा वाटीत.

मी एकदा विचारलं, पाळायचं तर मासे पाळा, दिसतात तरी. सिस्टर म्हणाल्या, "मासा आपल्याकडे पायते. आपण जवळ गेलो का तोंड वर करते, दे म्हणते. दिवसभर सारे माह्याकडेच पायतात रे. यायले माही काही पडली नाही. आपलं आपलं खातात." हे बोलताना त्या टाकीसमोर स्टुलावर बसलेल्या. ड्यूटीहून आल्यावर तास-दीड तास बसायच्याच. दिवा लावायचा नाही, पंखा नाही, नुसता हवेचा पंप बुडबुडत असायचा.

दिवसभर त्यांच्याकडे कोण पाहायचं, ते सांगायला हवं. ती वऱ्हाडात फवारणीची वर्षं होती. शेतकऱ्यांच्या नावानं दिल्ली-मुंबईचे कॅमेरे यायचे, नेते यायचे, सांत्वनाचे हार घालून जायचे. पण पाठीवर पंप बांधून दुसऱ्याच्या शेतात औषध मारणारा मजूर कुठल्याच हिशेबात नव्हता. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, म्हणजे तो शेतकरी नाही. शेतकरी नाही म्हणजे संकटही त्याचं नाही! कापूस डोक्याएवढा वाढलेला, श्रावण-भादव्याची कुंद हवा, तोंडाला दुपट्टा, अंगात फाटका सदरा. मारलेलं औषध झाडावरून परत अंगावर. संध्याकाळी हे लोक ऑटोत आडवे होऊन दवाखान्यात यायचे, घामानं निथळत, लाळ गळत, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

आणि दारातच सिस्टरचा आवाज, "कपडे काढा आधी!" नातेवाईक गांगरायचे. बायकांसमोर? "हो, बायकांसमोर. मेला तं सगळेच पायतील." सदरा कात्रीनं कापून पिशवीत, माणूस नळाखाली. मग डॉक्टर, मग सलाईन. नातेवाईक म्हणायचे, बाई लय तिखट आहे. होत्याच. मी त्यांना कोणाच्या पाठीवरून हात फिरवताना पाहिलं नाही. पण पहाटे शुद्धीवर आलेल्या माणसाला स्वतःच्या डब्यातली पोळी चहात बुडवून देताना पाहिलंय, तेही 'गिळ लवकर, मले बाकीचे आहेत' असं खेकसत.

झिंगे त्यांनी अकोल्याहून आणले होते. भावाकडे गेल्या असताना तिथल्या एका दुकानात दिसले आणि पाण्याच्या पिशवीत ते घेऊन, स्टीलच्या डब्यात ती पिशवी ठेवून, डब्याला ओला पंचा गुंडाळून त्या एसटीत बसल्या. दिवस वैशाखाचे. कंडक्टरनं विचारलं, "मांडीवर काय हाय बाई एवढं?"

"जीव हायेत."

"तिकीट काढलं काय त्याइचं?"

"अर्धं फाड. लहान हायेत."

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. सगळी माणसं उतरून निंबाखाली. सिस्टरनी आपल्या पिण्याच्या पाण्यानं पंचा ओला करत दुपार काढली. घसा कोरडा पडला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं पाणी देऊ केलं, तर तेही पंच्यावर ओतलं. म्हातारा म्हणाला, "माय, पोराले बी कोणी एवढं करत नाही." सिस्टर म्हणाल्या, "पोरगं रडून मांगते नं. हे कसं मांगतील?" ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हाही चेहरा तसाच, ड्यूटीवरचा.

पुढे टाकी भरली. पिल्लांची पिल्लं झाली. त्यांतली गडद लाल वेगळी निवडायची, फिकी खालांच्या हौदात सोडायची, असं त्यांचं चाललेलं असायचं. उन्हाळ्यात टाकीत बर्फाची बाटली तरंगायची. अमरावतीच्या उन्हात माणसं कूलरपुढे पडलेली असताना ही बाई बर्फ फोडत बसलेली असायची.

मग एका पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली आणि गल्लीत धूर मारणारी गाडी आली. गाडी वाईट नाही. डास मारायलाच हवे होते. पण डास मारणारा धूर झिंग्याला आधी मारतो. सिस्टर ड्यूटीवर. खालांनी आवाज ऐकला, धावत वर गेल्या, आपली गोधडी ओली करून टाकीवर घातली, पंपही बंद केला, खिडक्या लावल्या, दारात उभ्या राहून धूरवाल्याशी भांडल्या. तरी जायचं ते आत गेलंच. सिस्टर आल्या तेव्हा टाकीच्या तळाला लाल सडा पडलेला. खाला रडत होत्या. सिस्टरनी जाळीनं एक-एक मेलेला झिंगा काढला, मिरचीच्या कुंडीत पुरला, थोडं पाणी बदललं. मग खालांना म्हणाल्या, "गोधडी वाळू घाला. वास येईल." खालांच्या हौदातले सगळे गेले. टाकीतल्या शेवाळात कुठंतरी दडून थोडे वाचले होते. पेल्यात मावतील एवढेच. पुढे कित्येक दिवस स्टुलावर बसून त्या फक्त तेवढ्यांकडे पाहायच्या.

आता माझं आणि त्यांचं पहिल्यांदा वाजलं ती गोष्ट. आमच्या संघटनेचं धरणं होतं, फवारणी मजुरांना भरपाई मिळावी म्हणून. मला एक कल्पना सुचली. स्टेजवर एक काचेची बरणी. त्यात सिस्टरचा झिंगा. समोर पत्रकार. त्यात औषधाचा एक थेंब टाकायचा. झिंगा तडफडून मरेल. 'एका थेंबात ही गत, तर पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचं काय?' मला तर मथळासुद्धा दिसत होता.

सिस्टरनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं?"

"हो."

"नाही देत."

"अहो, एक झिंगा. शेकडो माणसांसाठी."

"त्या थेंबानं झिंगा मरते हे मले माहीत, तुले माहीत, पत्रकाराले माहीत. मंग मारतो काहून? तमाशाले?"

"लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"वॉर्डात ये म्हणा. रोज दिसते. तिकीट नाही." आणि मग, टाकीकडे पाहत, "माह्या जीवाचं पोस्टर नको करू, कार्यकर्ते."

'कार्यकर्ते' हा शब्द त्या असा उच्चारायच्या की आपल्याला कुणीतरी विद्रूप टोपी घातलीय असं वाटायचं. मी महिनाभर त्यांच्या खोलीवर गेलो नाही.

गेलो तो पायलमुळे. वलगावच्या पुढे, शेतात वसलेल्या एका वस्तीवरची ही पोरगी, अंगणवाडीत जायच्या वयाची. आई कविता कापूस वेचायला जायची, बाप दिलीप फवारणीला. पोरगी दवाखान्यात आली ती उलट्या, लाळ आणि त्याच टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या घेऊन. डॉक्टरांनी बरोबर ओळखलं, वेळेवर औषध दिलं, पोरगी उठून बसली. त्यांनी विचारलंही, घरात फवारणीचं औषध ठेवता का? कविता म्हणाली, "थेंब नाही जी. सारं मालकाच्या कोठ्यावर राह्यते." पोरगी घरी गेली. पंधरवडाही झाला नाही, पुन्हा तेच. पुन्हा उठून बसली. या वेळी सिस्टर मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणखी एक डाव आली तं मले भरोसा नाही. एवढंसं काळीज हाय. कुठून जाऊन राह्यलं ते हिच्या पोटात, ते पाय."

मला पाहायची गरजच वाटली नाही. वस्ती ज्या विहिरीचं पाणी प्यायची ती मालकाची. तिच्याच काठावर फवारणीचे पंप विसळले जायचे. मी स्वतः पाहिलेलं. मालक म्हणजे राजकारणातला माणूस, आमच्या मोर्च्यांवर पोलीस घालणारा. सगळं जुळत होतं. मी रातोरात पत्रक लिहिलं : 'विहिरीत विष, मालक मोकाट!' छापून आणलं आणि गठ्ठा घेऊन सिस्टरकडे गेलो. त्यांनी माझे हात हुंगले, पत्रक वाचलं.

"विहिरीत हाय हे कोणी सांगितलं?"

"दुसरं कुठून येणार?"

"तेच तं विचारून राह्यली. साऱ्या वस्तीत एकटी पायलच काहून पडते?"

"लहान आहे. लहानाला आधी लागतं."

"तिच्याहून लहान लेकरं नाहीत काय तथी?"

होती. सिस्टर बराच वेळ टाकीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हे वाटू नको अजून. पाणी आण. कविताच्या घरचं, पोरगी पेते ते."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं आणि मी टाकीकडे पाहिलं. पेलाभर उरलेले झिंगे.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवर वस्तीवर गेलो. कवितानं माठातलं पाणी एका बाटलीत भरून दिलं. सिस्टरनी एका काचेच्या बरणीत टाकीचंच पाणी घेतलं, त्यात एक झिंगा सोडला. मग खिडकीच्या गजाला सलाईनची नवी कोरी नळी लावली आणि कविताच्या पाण्याचा थेंब-थेंब बरणीत सोडायला सुरुवात केली. मी म्हटलं, ओता ना एकदम. "एकदम ओतलं तं ते पाणी बदलल्यानंच मरते. मंग विष होतं का नव्हतं, काय समजशील? इकडं खारं पाणी, नळाले क्लोरीन. झिंग्याले मरायले शंभर कारणं हायेत. त्यातलं एकच आपल्याले पाह्यजे." रोग्याला लावतात तसंच नळीचं चाक त्या मधूनमधून फिरवत होत्या.

दुपार कलली तेव्हा झिंगा बिथरला. बरणीभर वेड्यासारखा फिरला, मग आडवा पडला. पाय थरथरले आणि थांबले.

"झालं सिद्ध!" मी उठलोच.

सिस्टर म्हणाल्या, "ते मेलं. सिद्ध काय झालं ते मले नाही माहीत." मग बाटली उचलली. पांढरी, जाड प्लॅस्टिकची, हिरव्या झाकणाची. गळ्याला कोणीतरी रंगीत नाडी बांधलेली, खांद्यावर अडकवायला. लेबल नव्हतं. त्यांनी झाकण काढून हुंगली, उजेडात धरली, पुन्हा हुंगली.

"ही कोणाची?"

"घरातली. पायलची असेल, नाडी आहे तिला."

"कविताले फोन लाव. सांग, उद्यापर्यंत पोरीले फुलपात्रानं पाणी दे. काहून म्हणाली तं सांग, सिस्टर येडी हाय, बयाड हाय." आणि मला स्टीलचा डबा दिला. "विहिरीतून बादली काढ. बादलीतून डब्यात. मधात कशाले लावू नको."

मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. दुसऱ्या बरणीत टाकीचं पाणी, दुसरी कोरी नळी, आणि त्याच संथपणे ते पाणीही सोडलं. या वेळचा झिंगा बरणीत आरामात बसला. थोड्या वेळानं तळातून काहीतरी वेचून खाऊ लागला. विहीर निर्दोष होती. पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता आणि मला त्या झिंग्याचा राग आला होता, हे इथं नमूद करतो.

पण सिस्टरचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी ती हिरव्या झाकणाची बाटली घेतली, तिच्यात आपल्या टाकीचं पाणी भरलं. झिंगे ज्यात जन्मले, वाढले ते पाणी. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मी गेलो तेव्हा त्या जाळी हातात घेऊन टाकीपुढे उभ्या होत्या. कितीतरी वेळ. जाळी पाण्यात जायची, परत यायची. शेवटी एक मादी काढली, अंडी नसलेली, कडेला एकटी बसणारी. "हिचं वय झालं," म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता. धरण्यासाठी एक झिंगा न देणाऱ्या बाईंनी, आत काय होणार हे जवळपास ठाऊक असताना, ती आपल्या हातानं त्या बाटलीतल्या पाण्यानं भरलेल्या कोऱ्या बरणीत सोडली. ती मरेपर्यंत सिस्टर उभ्याच होत्या.

मग बरणी झाकली आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

त्या माझ्या मागे मोटारसायकलवर बसल्या, पिशवीत नवीकोरी स्टीलची बाटली, खालांनी नातवासाठी घेतलेली. वस्तीवर पोहोचलो तर पायल अंगणात. खांद्याला नाडी. नाडीला बाटली. पांढरी, हिरव्या झाकणाची, एकदम नवी!

गाडी पुरती थांबायच्या आत सिस्टर उतरल्या. त्यांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पोरीच्या हातातून बाटली हिसकली. पोरीनं गाव गोळा होईल असा गळा काढला.

"पेली काय यातलं? कविता! पेली काय?"

"न्हाई जी, आत्ताच धुवून देल्ली. तुमी ती नेली तं रात्री जेवली नाही. मंग यायनं सकाळी दुसरी आणली."

'हे' म्हणजे दिलीप. दारात उभा होता, हातात फवारणीचा पंप. सिस्टरनी बाटली उपडी केली, पाणी जमिनीत मुरेपर्यंत थांबल्या. मग त्याला विचारलं, "औषधाची ना रे?"

"हो. रिकामी झाली का मालक फेकून देते." त्याला अजून काही कळलं नव्हतं. "मजबूत राह्यते. हिले पाण्याची बाटली पाह्यजे होती, अंगणवाडीत साऱ्या पोट्ट्यायजवळ हाय. झाकण तुटलं का मी दुसरी आणतो. राखेनं घासतो सिस्टर, कढत पाण्यानं धुतो. कागद काढून टाकतो. वास बी नाही राह्यत, पाहा नं तुमी..." आणि मग बोलता-बोलता त्यालाच ऐकू आलं आपण काय बोलतोय ते. पंप हातातून खाली ठेवला. भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

सिस्टर त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. "चांगली धुतली तू. पण ते धुतल्यानं जात नाही. प्लॅस्टिकात बसते. मी बी हुंगली, मले बी वास नाही आला."

"मी माह्या हातानं पाजलं तिले."

"तुले माहीत नव्हतं."

"दोन डाव दवाखान्यात नेली तिले. दोन्ही डाव मीच..."

"आता तिसरा डाव नाही. ऐकून राह्यला काय? नाही आता."

कविता पोरीला उगी करायला धावली, तर सिस्टर म्हणाल्या, "रडू दे तिले. रडते म्हणजे बरी हाय." स्टीलची बाटली पायलनं लाथाडली. तिला हिरवं झाकण हवं होतं. सिस्टरनी आग्रह केला नाही, बाटली चुलीजवळ ठेवली.

निघताना त्या वस्तीतून पायी फिरल्या. मी गाडी ढकलत मागे. एका दारात त्याच बाटलीत गोडं तेल. एका घरात पाच लिटरच्या कॅनमध्ये पाहुण्यांसाठी पाणी. मोरीत, परसात, खुंटीला, बैलाच्या दावणीला. सगळ्या कशा स्वच्छ, घासलेल्या, लखलखीत! ज्या घरात धड तांब्या नाही त्या घरात एवढी देखणी, न गळणारी, न फुटणारी वस्तू फुकट येते, ती आत विष भरून येते. बनवणाऱ्याला हे ठाऊक नाही? बाटलीच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात, मजुराला न येणाऱ्या भाषेत लिहिलेलं असतंच की, वापरल्यावर नष्ट करा. तेवढं लिहिलं की कंपनीचे हात मोकळे. मेला तर मेला, वाचता येत नव्हतं त्याला!

हे सगळं मी गाडीवर ओरडून सिस्टरना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "लिही ना मंग. विहिरीचं नको लिहू, हे लिही." लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, अजूनही वाटतं. वलगावच्या बाजारात उभं राहून वाटलं. लोकांनी घेतलं, त्यावर भजी खाल्ली. मी हे सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या टाकीतलं वाळकं पान बदलत होत्या. म्हणाल्या, "हं."

एवढंच. मला वाटलं, विषय संपला.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा अकोल्याहून भाऊ न्यायला आला होता. गेल्या नाहीत. "तुमच्या तथचं पाणी झिंग्याले मानवत नाही," असं त्याला सांगितलं. तो बिचारा ते खरं मानून गेला. पायल तिसऱ्यांदा दवाखान्यात आली नाही. मीही पुढे संघटनेच्या कामानं मेळघाटाकडे गेलो आणि अमरावतीला येणं कमी होत गेलं.

शेवटचं पाहिलं ते परतवाड्याला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमधून. वलगाव सोडून थोडं पुढे, एका फाट्यावर जीप प्रवासी भरायला थांबली होती. समोर पारावर बायकांचा घोळका. मध्ये पोत्यावर मांडी घालून इंगळे सिस्टर. केस पांढरे झालेले, चष्मा कपाळावर. एका बाजूला रिकाम्या बाटल्या-कॅनचा हा ढीग, दुसऱ्या बाजूला विटांची छोटी चूल, आणि तिच्यात लाल तापत ठेवलेला दाभण, पोती शिवायचा. हातात कापडी मोजे. एक बाटली घ्यायची, उलटी करायची, बुडात दाभण खुपसायचा. चर्र करून धूर. भोक पडलं की बाटली पलीकडे. पुढची. त्यांच्या मागे, धुरापासून लांब, नसीम खाला खुर्चीवर बसून बायकांना रांगेत लावत होत्या. "लाओ लाओ, छुपाओ नको, घर में देख के आएगी वो!"

मी जीपमधून हाक मारली. ऐकू गेली नाही, किंवा गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी पुढे आली, पदराखालून एक मोठा पांढरा कॅन काढला आणि छातीशी धरून उभी राहिली. घासून-घासून चमकवलेला. "बाई," ती म्हणाली, "याले नको वो भोक पाडू. लय चांगला हाय हा."

सिस्टरनी हात पुढे केला. "चांगला हाय म्हणून तं."